होसे : त्रिनिदादचा मोहरम आणि आपले ताबूत

(चारकोप, कांदिवली पश्चिम इथल्या वाचक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कॅरिबियन बेटांवर बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "म्हणजे क्रिकेट!" बरोबरच आहे. आपल्या पिढीला ही बेटं भेटली ती रेडिओवरच्या कॉमेंट्रीतून. १९७१ साल, अजित वाडेकर कप्तान, दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा, आणि पहिल्याच मालिकेत ७७४ धावा करणारा आपला सुनील गावसकर. तो पहिली कसोटी खेळला त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. वेस्ट इंडीजविरुद्ध आपण जिंकलेली ती पहिली कसोटी. मालिका संपल्यावर तिथल्या एका गायकानं गावसकरवर कॅलिप्सो रचला. हरवून गेलेल्या पाहुण्यावर गाणं करणारी माणसं ही, तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल कुतूहल आहे.

पण मला सांगायचंय ते मैदानातलं नाही, मैदानाच्या शेजारचं. ओव्हलवरून पश्चिमेकडे चालत निघालात तर थोड्याच वेळात सेंट जेम्स नावाची वस्ती लागते. तिथल्या गल्ल्यांना दिल्ली, बंगाल, पाटणा अशी नावं आहेत. दर वर्षी मोहरममध्ये या वस्तीत रात्रभर ताशा वाजतो. आपलाच ताशा, तिकडे त्याला 'टासा' म्हणतात. रस्त्यावर बांबू-कागदाचे रंगीत मनोरे निघतात, त्यांना म्हणतात 'ताजा', म्हणजे आपला ताजिया. आणि सगळ्या सोहळ्याचं नाव 'होसे'. हुसैन या नावाचं लाखो तोंडांतून झिजत झिजत होसे झालं. आपल्याकडेही असंच झालंय. 'हैदोस घालणं' असं आपण पोरांना रागावून म्हणतो, त्या हैदोसचं मूळ मोहरमच्या ताबुतांपुढच्या आरोळीत आहे. इंग्रज शिपायांनी 'या हसन, या हुसैन'चं 'हॉबसन-जॉबसन' केलं आणि १८८६ मध्ये त्याच नावाचा एक जाडजूड शब्दकोशही निघाला. एका नावाची तीन ठिकाणी तीन रूपं.

मी त्रिनिदादला गेलेली नाही. शाळेतली नोकरी संपल्यावर वेळ मिळाला, म्हणून केल्विन सिंग यांचं १८८४ च्या गोळीबारावरचं आणि फ्रँक कोरोम यांचं होसेवरचं, अशी दोन पुस्तकं मिळवून वाचली. चित्रफिती पाहिल्या. जे सांगते ते त्या आधारावर, आणि आमच्या सांगली जिल्ह्यातल्या गावात मी स्वतः लहानपणापासून पाहिलेल्या ताबुतांच्या आधारावर.

आधी ही माणसं तिकडे गेली कशी ते थोडक्यात. इंग्रजांच्या बेटांवर उसाचे मळे होते आणि त्यात राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. १८३० च्या दशकात गुलामी कायद्यानं संपली. मोकळी झालेली माणसं त्याच मळ्यात त्याच मालकाकडे पडेल त्या मजुरीवर राबायला राजी होईनात. मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. त्रिनिदादला पहिलं जहाज लागलं ३० मे १८४५ रोजी, 'फतह अल रज्जाक'. १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं एकट्या त्रिनिदादला गेली. बहुतेक कलकत्त्याहून चढलेली, भोजपुरी-अवधी मुलखातली, काही मद्रासहून. आपली मराठी माणसं या वाटेनं मॉरिशसला गेली, कोकणातली बरीच, आणि आजही तिथं मराठी शिकवली जाते. कॅरिबियनकडे मराठी माणूस फारसा गेला नाही. तरी होसेची गोष्ट मला परकी वाटत नाही. का ते पुढे येईलच.

या मजुरांत मुसलमान थोडे, आणि त्यांतही शिया फारच थोडे. सण मात्र सगळ्यांचा झाला. मळ्यामळ्यावर ताजिया बांधला जाई. वर्गणी सगळ्यांची, बांधणारे हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि उचलायला, वाजवायला शेजारच्या वस्तीतले आफ्रिकन वंशाचे गडी. मळ्यावरच्या मजुराला वर्षभरात स्वतःचे असे दिवस किती? चिठ्ठीशिवाय मळा सोडता येत नसे, कामावर आला नाही तर तुरुंग. अशा माणसाला 'हा आमचा रस्ता, हा आमचा आवाज' म्हणायला मिळे ते या सणात.

आजच्या सेंट जेम्समध्ये होसे कसा होतो ते सांगते, म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. जिथं ताजिया बांधतात त्या जागेला तिथले लोक 'यार्ड' म्हणतात. यार्ड ठरावीक घराण्यांचे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. काम सुरू असताना आत चपला घालून जायचं नाही, दारू नाही, मांस नाही. बांधणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, हिंदू असतात. नियम सगळ्यांना एकच. मग मिरवणुकीच्या रात्री येतात. पहिली निशाणांची. दुसरी 'छोटा होसे', लहान ताजियांची. तिसरी 'मोठा होसे', त्या रात्री उंच ताजिये आणि दोन प्रचंड चंद्रकोरी निघतात. एक हिरवी, हसनच्या विषप्रयोगाची आठवण. एक लाल, हुसैनच्या रक्ताची. एकेक चंद्र एकच माणूस कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरतो आणि ताशाच्या ठेक्यावर गोल फिरतो. थोड्या थोड्या वेळानं खांदेकरी बदलतात, इतका तो जड. एका क्षणी दोन्ही चंद्र समोरासमोर येतात आणि एकमेकांना टेकतात. तिथले लोक म्हणतात, चंद्रांनी मुका घेतला.

कडेगावचे ताबूत पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपण त्याला 'भेट' म्हणतो.

आणि ताशा. हा भाग मला सगळ्यात आवडतो. पावसाळ्यात आपल्या चारकोपच्या मैदानांत गणपतीच्या आधी पथकांची पोरं सराव करतात, तेव्हा तुम्ही ऐकलंच असेल: आधी एकटा ताशा तडतडत निघतो आणि मग ढोल त्याच्या मागे कोसळतात. त्रिनिदादचा संचही तसाच. पुढाकार घेणाऱ्या ताशाला ते 'कटर' म्हणतात, सोबत ठेका धरणारा दुसरा ताशा, एक मोठा ढोल आणि पितळी झाल. ताशाचं पान बकऱ्याच्या कातड्याचं. रात्रीच्या दमटपणात ते सैल पडतं, म्हणून रस्त्याच्या कडेला शेकोटी पेटवून मधून मधून ताशा शेकतात. आपल्याकडेही जुने वाजवणारे असंच करायचे. आता आपल्याकडे प्लास्टिकचं पान आलं, शेकायची गरज नाही, आवाज मात्र पत्र्यासारखा. हे माझं मत आहे, पथकातल्या मुलांनी रागावू नये.

आता १८८४ कडे येते.

त्या वर्षी साखरेचा भाव कोसळला होता. मळेवाले मजुरी आवळत होते, तेवढ्याच पैशात जास्त काम मागत होते, आणि मजूर कुरबुरत होते. तीन वर्षांपूर्वी, १८८१ मध्ये, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कार्निव्हलच्या मशालींच्या मिरवणुकीवरून पोलीस आणि आफ्रिकन वंशाचे लोक यांच्यात मोठी चकमक झाली होती. सरकारला रस्त्यावरच्या गर्दीचीच धास्ती बसली होती. आज हे काळे लोक मशाली घेऊन निघाले, उद्या हे कुली ताजिये घेऊन निघाले, आणि परवा दोघं मिळून निघाले तर? मग सरकारनं नियम केले. मशाली आणि ढोल यांवर बंधनं आली. होसेसाठी वेगळा हुकूम निघाला: मिरवणूक आपापल्या मळ्याच्या हद्दीत काढा; हमरस्त्यावर यायचं नाही, गावात शिरायचं नाही.

दक्षिणेकडच्या सॅन फर्नांडो गावाभोवतीच्या मळ्यांतले मजूर दर वर्षी ताजिये घेऊन गावात येत आणि समुद्रात थंड करत. त्यांनी अर्ज केला. सुखू नावाचा एक माणूस आणि त्याच्यासोबत एकतीस जण. नावावरून कळेल, सुखू हिंदू होता. मोहरमच्या मिरवणुकीसाठी सरकारदरबारी अर्ज करणारा पहिला माणूस हिंदू, हे लक्षात ठेवा. अर्ज फेटाळला गेला.

३० ऑक्टोबर १८८४, आशुऱ्याचा दिवस. मळ्यामळ्यांतून हजारो माणसं बायकापोरांसह ताजिये घेऊन सॅन फर्नांडोकडे निघाली. गावाच्या वेशीवर पोलीस आणि सैनिक उभे होते. मॅजिस्ट्रेटनं दंगलीचा कायदा इंग्रजीत वाचून दाखवला. पुढे ताशे वाजत होते, मागून लोक रेटत होते, कुणाला काय ऐकू गेलं असेल ते तुम्हीच ठरवा. गोळीबार झाला. एका वेशीवर नाही, दोन ठिकाणी. मृतांचे सोळा ते बावीस असे वेगवेगळे आकडे दिले जातात. जखमी शंभराच्या आसपास. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते. चौकशीसाठी जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांना बोलावलं. हे गृहस्थ पूर्वी हिंदुस्थानच्या सैन्यात होते. १८८५ मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि त्यात सरकारची बाजू उचलून धरली.

सरकारच्या बाजूनं तेव्हा जे मुद्दे मांडले गेले त्यातला एक मला अजून टोचतो. तो थोडक्यात असा: हा सण मुसलमानांचा. मिरवणुकीत तर बहुसंख्य हिंदू. मग ही धार्मिक मिरवणूक कशी? आणि धार्मिक नसेल तर ती बंद केल्यानं कुणाच्या धर्मात ढवळाढवळ झाली असं कसं म्हणता येईल?

किती सोयीचं आहे बघा. लोक एकमेकांत मिसळले, म्हणून त्यांचं ते खरं नाही. खरं नाही, म्हणून त्यावर त्यांचा हक्क नाही. त्याच लोकांनी आपापल्या कोपऱ्यात वेगवेगळं काही केलं असतं तर सरकारनं कदाचित मान डोलावली असती.

हा युक्तिवाद मी पुस्तकात वाचला तेव्हा मला तो नवीन वाटलाच नाही. काही दिवस आधीच मी तो ऐकला होता, दोनदा, आणि दोन्ही वेळा मराठीत. माझा भाचा, चांगला शिकलेला, नमाजी मुलगा, मला फोनवर म्हणाला, "खाला, मोहरमला गावी जाऊ नकोस. ती बिदअत आहे. त्यात निम्मे तर हिंदू असतात, तो काय इस्लाम आहे?" आणि गावातल्या माझ्या बालमैत्रिणीच्या मुलानं त्यांच्या तरुणांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, तिनंच मला वाचून दाखवलं: आपण त्यांच्या पीरांपुढे का नाचायचं, त्यांचा सण त्यांना करू द्या. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. भेटले तर भांडतील. पण वाक्य एकच आहे, आणि ते १८८४ च्या मळेवाल्यांचं आहे.

आपल्याच मुंबईत काय झालं ते पाहू. एकोणिसाव्या शतकात मोहरम हा मुंबईच्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा सण होता. मोहल्ल्यामोहल्ल्याच्या टोळ्या निघत, ताबूत निघत, सोंगं निघत. कोकणी मुसलमान, जुलाहे, सिद्दी, आणि त्यांच्याबरोबर हिंदू कामगारही. मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ असे, मारामाऱ्या होत, तेही खरं. मी काही सोन्याचा काळ रंगवत नाहीये. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. त्यानंतर पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि १८९४ पासून ताबुतांत भाग घेणाऱ्या हिंदूंची संख्या एकदम रोडावली. गंमत अशी की गणपतीचे मेळे, एकसारखा पोशाख करून गाणी म्हणत जाणारी मुलं, यांवर मोहरमच्या टोळ्यांची छाप स्पष्ट होती. ताशा तोच, वाजवणारेही अनेकदा तेच. फक्त त्यांनी देव बदलला. गणेशोत्सवानं महाराष्ट्राला काय दिलं ते सगळ्यांना माहीत आहे, मला त्यावर बोट ठेवायचं नाही. या वाटणीत ताबुतांकडचे हात गेले, एवढंच म्हणते.

पुढे जानेवारी १९११ च्या मोहरममध्ये मुंबईत दंगा झाला, लष्कर बोलावलं, गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हा पोलीस आयुक्त होते एस. एम. एडवर्ड्स. पुढच्या वर्षी त्यांनी नियम असे आवळले की टोळ्यांच्या मिरवणुका संपल्याच. पुढे १९२३ साली आलेल्या मुंबई पोलिसांवरच्या पुस्तकात त्यांनी हे समाधानानं नोंदवलंही आहे. शहरातल्या प्रतिष्ठित मुसलमानांनाही तो गोंगाट नकोच होता. म्हणजे सॅन फर्नांडोला १८८४ मध्ये जे झालं त्याचीच दुसरी आवृत्ती सत्तावीस वर्षांनी भेंडी बाजाराच्या आसपास निघाली. तेच साम्राज्य, तीच भीती, तोच सण. फरक इतकाच की तिकडे होसे टिकला आणि इकडे मुंबई आपला मोहरम विसरली. आज मुंबईत शियांचे जुलूस निघतात, सबिली लागतात, आपल्या शेजारी मालवणीतही लागतात. पण गिरणगावातला हिंदू गडी ज्यात नाचायचा तो मोहरम गेला.

गेला तो शहरातून. खेड्यात राहिला. कडेगावात शंभर फुटांच्या वर उंच ताबूत बांधतात आणि ते उचलायला सगळं गाव लागतं. आमच्या त्या पट्ट्यात, सातारा-सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे, पीर बसतात, पंजे बसतात, अलाव्यात आग पेटते. नवस बोलणाऱ्या हिंदू बाया आपल्या पोराला मोहरमचा फकीर करतात, गळ्यात हिरवा धागा बांधतात. रात्री करबल खेळतात, गाणी अर्धी दखनी, अर्धी मराठी. घरोघरी चोंगे होतात. २०१८ आणि २०१९ मध्ये गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा कुरुंदवाडसारख्या गावांत मशिदीत एकीकडे गणपती आणि एकीकडे पंजे बसले होते. गोटखिंडीत तर १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. ही काही भाषणासाठी शोधलेली उदाहरणं नाहीत, तिथल्या लोकांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतही नाही.

आता अडचणीचं बोलते. त्रिनिदादमध्ये होसेवर टीका होते, आणि ती करणाऱ्यांत मुसलमानच पुढे आहेत. टीका पूर्ण चुकीची म्हणता येणार नाही. यार्डाच्या आत कडक पथ्य असतं, पण बाहेर रस्त्यावर बघ्यांच्या हातात बिअर असते, काही जण कार्निव्हलसारखे नाचतात. करबल्यात तहानेनं मेलेल्या माणसांची आठवण आणि समोर हातात बाटली, हे कुठल्याही शियाला खुपेल. शियाच कशाला, मलाही खुपतं. आपल्याकडेही ताबुतापुढे डीजे आला आहे. आणि आमच्या गावातल्या 'मानां'चंही सांगते. पहिला खांदा कुणाचा, अलाव्याला लाकडं कुणी द्यायची, हलगी कुणी वाजवायची, हे सगळं जातीनं ठरलेलं होतं. हलगीवाल्याला ताबुताला हात लावू देत नसत, हे मी पाहिलंय. त्यामुळे 'पूर्वी किती गोडीगुलाबी होती' असलं काही मी म्हणणार नाही.

पण बिअर नको म्हणणं वेगळं आणि शेजारी नको म्हणणं वेगळं. यार्डातल्या त्या घराण्यांनी बिअर आत येऊ दिली नाही आणि शेजाऱ्याला बाहेर घालवलं नाही. हे कष्टाचं काम आहे. बंदी घालणं त्यापेक्षा फार सोपं.

बिदअतीच्या वादात मी पडत नाही, माझा तो अधिकार नाही. भाच्याला मी म्हटलं, तुझ्या अकिद्यात बसत नसेल तर तू ताबुताला हात लावू नकोस, माझी काही तक्रार नाही. पण त्या गावात तुझ्या नानांच्या मयतीला खांदा द्यायला जी माणसं आली, त्यातली बरीचशी ताबुताच्याच खांद्यावरची होती. ती ओळख तुझी मशीद एकटी करून देणार नाही, आणि त्यांचं देऊळही एकटं करून देणार नाही. तो गप्प बसला. पटलं असं नाही, पण गप्प बसला.

गेल्या वर्षी आमच्या गावात ताबूत उचलायला माणसं कमी पडली. तरुण पोरं पुण्या-मुंबईला. जी होती त्यातली काही या बाजूच्या ग्रुपमुळे आली नाहीत, काही त्या बाजूच्या. शेवटी ताबूत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवून ओढ्यावर नेला. म्हातारी माणसं बाजूनं चालत होती, ट्रॉलीला नुसता हात लावून. सेंट जेम्समध्येही आता ताजियांना चाकं असतात, तेव्हा चाकाचं मला वाईट वाटलं नाही. पण तिथं चाक लावलं कारण ताजिया जड आहे. आमच्याकडे लावलं कारण खांदे आले नाहीत.

एक शेवटचं त्रिनिदादचं, कारण ते सांगितल्याशिवाय गोष्ट अर्धी राहते. ढोलांवर बंधनं आली तेव्हा आफ्रिकन वंशाच्या लोकांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटाचे डबे, मग तेलाची रिकामी पिंपं. त्या पिंपांना ठोकून ठोकून सूर काढले आणि १९३०-४० च्या दशकांत स्टीलपॅन नावाचं वाद्य जन्माला आलं. १९९२ मध्ये ते त्रिनिदादचं राष्ट्रीय वाद्य झालं. या देशात १९८७ ते १९९७ नूर हसनअली नावाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, अमेरिका खंडांतले पहिले मुसलमान राष्ट्रप्रमुख. मुसलमानांची लोकसंख्या तिथं शंभरात पाच-सहा. ३० मे, पहिलं जहाज लागलं तो दिवस, आज सरकारी सुट्टीचा आहे. होसेला मात्र अजून सुट्टी नाही. कुणाच्या नावानं देणार? मुसलमानांच्या म्हणावं तर त्यांतले पुष्कळ नको म्हणतात, हिंदूंचा तो नाही, ख्रिश्चनांचा नाही. सरकारी फॉर्मवर त्याचा रकानाच नाही. तरी दर वर्षी रस्ता भरतो.

आपलं चारकोप. हे गाव जुनं आहे, कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांचं, पलीकडे खाडी आणि तिवरं. आपण बहुतेक जण आलो ते नंतर, जागतिक बँकेच्या मदतीनं १९८५ पासून म्हाडानं इथं प्लॉट आखले तेव्हा. रस्ता, पाणी, गटार आखून दिलं आणि सांगितलं, सोसायट्या करा, आपापली घरं बांधा. आम्ही तेव्हा सोसायटीची नोंदणी केली ती निरनिराळ्या गावच्या, निरनिराळ्या जातींच्या माणसांनी मिळून. एकमेकांना आधी कुणी ओळखत नव्हतं. आमच्या सेक्टरमध्ये सातारचे, सांगलीचे, कोल्हापूरचे किती लोक आहेत, त्यांतल्या कितींच्या गावात पीर बसतात, याची चौकशी मी गेले तीन महिने करते आहे. पहिल्यांदा लोक 'नाही नाही, आमच्याकडे तसलं काही नाही' म्हणतात. मग चहा होतो. मग म्हणतात, "आमच्या आजोबांचा मान होता, पण ते मोहरमचं होतं, म्हणून सांगितलं नाही." परवा एका देशमुख आजींनी मला अख्खं करबलचं गाणं म्हणून दाखवलं, सुनेला ते पहिल्यांदाच कळलं. सून म्हणाली, "आई, हे मुसलमानी गाणं तुम्हाला कुठून येतं?" आजी म्हणाल्या, "मुसलमानी कसलं, आमच्या वाड्यापुढचं आहे."

तर मी एक वही केली आहे. गाव, तालुका, ताबूत की पंजे की डोला, पहिला खांदा कुणाचा, अलाव्याला लाकूड कुणाचं, हलगी-ताशा कुणाचा, गाणी कुणाला येतात, आणि अजून चालू आहे की बंद पडलं. बंद पडलं तर कधी आणि कुणी सांगितल्यावर. शेवटच्या रकान्यात संकोच करू नका, नाव लिहायचं नसेल तर नुसतं 'आमच्यातल्यांनी' किंवा 'त्यांच्यातल्यांनी' एवढं लिहा. आत्तापर्यंत एकोणीस गावं झाली आहेत. सात ठिकाणी बंद आहे.

वही इथं टेबलावर ठेवते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मी लिहून घेईन. आणि ज्यांना ताशा वाजवता येतो त्यांनी जाण्याआधी मला भेटावं. आमच्या गावचा कातड्याचा ताशा मी दुरुस्तीला आणला आहे, आणि नवं पान चढवणारा माणूस मला मालाड-कांदिवलीत अजून सापडलेला नाही.